सावकाश येणारा वणवा

सागाच्या एका जंगलात, डोंगराच्या उतारावर, एक तरुण हरिणी राहत असे. तिचे पाय इतके हलके होते, की ती धावली तरी वाळलेले पान मोडल्याचा आवाज येत नसे. ती अगदी लहान असताना तिच्या आईला बिबट्याने नेले. तेव्हापासून ती करवंदीच्या एका जाळीपाशी येऊन बसे, कारण त्या जाळीखाली एक कासवी राहत होती आणि ती कासवी बोलकी होती. मुलांनो, ज्याला आई नाही त्याला कुणीतरी बोलणारे लागतेच.

त्या दोघींचा एक खेळ होता. कोण कसे चालते, ते सांगायचे.

"मुंगी?" कासवी विचारी.

"लगबगीनं."

"तितर?"

"तुरुतुरु."

"गवा?"

"डुलत डुलत. आणि साप सळसळत, मला माहीत आहे."

"बरं, मग तू?"

"मी वाऱ्यासारखी," हरिणी म्हणे.

"वाऱ्याला पाय कुठे असतात?" असे म्हणून कासवी हसे. मग हरिणीची पाळी येई. "आणि तुम्ही, मावशी? तुम्ही कशा चालता?"

"मी? मी निघते आणि पोहोचते."

"ही काय चाल झाली?"

"माझी तीच आहे, बाई," कासवी म्हणे, आणि समोरचे पान चावत राही.

त्या जंगलात एक जुनी रीत होती. उन्हाळ्यात तिथे वणवे लागत. वणवा लागला की सगळ्यांनी खालच्या डोहावर जायचे. पण डोहाकडची वाट एका अरुंद घळीतून जात होती. पूर्वी एकदा नुसते 'वणवा आला' असे कुणीतरी ओरडले होते, आणि घळीत अशी रेटारेटी झाली, की आगीने मेले त्यांच्यापेक्षा चेंगरून मेलेले जास्त निघाले. तेव्हापासून पळस फुलला की जंगल एक राखणदार नेमत असे. त्याने टेकडीवरच्या खडकावर बसायचे आणि धूर दिसला की खाली येऊन हाळी द्यायची. हाळीत वणव्याची चालही सांगायची. 'झपाट्यानं येतोय' म्हटले, की असेल ते टाकून पळायचे. 'सावकाश येतोय' म्हटले, की रेटारेटी न करता, आपापली कामे आवरून, एकामागून एक निघायचे. राखणदाराच्या शब्दावर जंगलाचा जीव असे.

कित्येक वर्षे ही राखण एका म्हाताऱ्या वानराकडे होती. त्याची एक गंमत होती. दर वर्षी पळस फुलण्याआधी तो कासवीबरोबर डोहापर्यंत चालत जाई. ती थांबली की थांबे, ती निघाली की निघे. झाडावरून झाडावर झेपा घेणारा वानर जमिनीवरून असा पाय ओढत चाललेला पाहून सगळे हसत. हरिणीही हसे.

"आजोबा, गुडघे धरले का?" ती विचारी.

"धरले तर," वानर म्हणे. "त्यांना लावायला पाला आणून देतेस का?"

मग वानराच्या डोळ्यांवर पडदा आला. खडकावर बसून त्याला समोरच्या डोंगराची धार दिसेनाशी झाली. त्या वर्षी पळसाला कळ्या आल्या तशी वडाखाली सभा भरली. कासवी सगळ्यांत शेवटी पोहोचली, तेव्हा ससा म्हणाला, "मावशी, पुढच्या वर्षीच्या सभेला आत्ताच निघा."

"निघालेच आहे रे," कासवी म्हणाली. "तू मधे मधे कडमडतोस म्हणून उशीर होतो."

सगळे हसले. राखण कुणाला द्यायची, यावर फार बोलणे झालेच नाही. सगळ्यांत वेगाने जो खाली येऊन सांगेल त्याला द्यावी, इतके साधे होते ते. सगळ्यांच्या माना हरिणीकडे वळल्या. हरिणीचा ऊर भरून आला. तिने कासवीकडे पाहिले. कासवीची मान कवचाबाहेर जितकी येऊ शकते तितकी बाहेर आली होती.

सभा संपल्यावर वानराने हरिणीला जवळ बोलावले. "पोरी, खडकावर जाण्याआधी एक कर. तुझ्या मावशीबरोबर एकदा डोहापर्यंत चालून ये. सबंध वाट. तिच्या चालीनं."

"मी तर रोज जाते आजोबा डोहावर."

"तू धावत जातेस. मी चालून ये म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी निघाल्या. हरिणीने सुरुवातीला खूप मन लावले. एक पाऊल टाकायचे आणि थांबायचे. कासवी आली, की पुढचे टाकायचे. वाटेत एक मूळ आडवे आले. हरिणीला ते दिसलेही नव्हते. कासवीला त्याला वळसा घालून जावे लागले. ऊन चढू लागले. वाटेवर वीज पडून जळालेल्या चिंचेचा बुंधा होता. तिथवर येईपर्यंत हरिणीचे पाय शिवशिवू लागले. डोह अजून कुठल्या कुठे होता.

"मावशी, मी जरा पुढे जाऊन सावलीत बसू? तुम्ही या सावकाश."

"जा की. मी काय, निघालेय म्हणजे पोहोचेनच."

हरिणीने उडी घेतली, आणि दुसऱ्या क्षणी ती घळीतून पार झाली होती. डोहाचे पाणी पिऊन ती सावलीत लवंडली, आणि तिला झोप लागली. कासवी केव्हा आली ते तिला कळलेच नाही. पुढे वानराने विचारले, "चाललीस का सबंध वाट?" तेव्हा ती म्हणाली, "हो, डोहापर्यंत गेलो आम्ही दोघी." हे खोटे नव्हते. वानराने मान हलवली.

पळस फुलून गळला. रानात पानांचा खच पडला. कासवीने त्या वर्षी करवंदीच्या जाळीपुढे, उघड्या रेताड जमिनीत, खड्डा करून अंडी घातली होती. बाकीची कासवे अंडी पुरतात आणि निघून जातात. ही मात्र तिथेच बसून राही. हरिणी राखणीवरून आली की दोघी त्या मातीला कान लावत.

"काही ऐकू येतंय का?" कासवी विचारी.

"नाही बाई."

"मलाही नाही. मोठी झाली की त्यांना आपला खेळ शिकवू. तू तुरुतुरु शिकव, मी पुढचं बघते."

एके दिवशी दुपारी वारा पडलेला होता. खडकावर बसलेल्या हरिणीला पलीकडच्या धारेवर धूर दिसला. ती उभी राहिली आणि निरखून पाहू लागली. तिला घाई करायची नव्हती. चुकीची हाळी देऊन तिला घळीत रेटारेटी करवायची नव्हती. आग पानांच्या खचातून खालच्या अंगाने पसरत होती. ज्वाळा उंच नव्हत्या. एखादे पान पेटे, विझे, मग शेजारचे पेटे. हरिणीने मनाशी हिशेब केला. ही आग इथे येईपर्यंत आपण डोहावर जाऊन परत येऊ, पुन्हा जाऊ, पुन्हा येऊ. तिला अगदी हायसे वाटले. मग ती उतारावरून निघाली आणि गावभर सांगावे तसे जंगलभर सांगत सुटली.

"वणवा लागलाय. सावकाश येतोय. रेटारेटी करू नका, सावकाश येतोय."

तिची हाळी ऐकून कुणी घाबरले नाही. रानडुकरिणीने पिल्ले गोळा केली. मोरांनी पिसारे सावरले. सशाने बिळात शिरून उरलेला कंद खाऊन घेतला. साळिंदर झोपेतून उठून आळोखेपिळोखे देत निघाले. घळीतून सगळे अगदी रांगेने जात होते. हरिणीला स्वतःच्या राखणीचे समाधान वाटले.

करवंदीच्या जाळीपाशी ती आली, तेव्हा कासवी मातीला डोके टेकून बसली होती.

"मावशी, वणवा लागलाय पलीकडच्या धारेला."

"शू. ऐक आधी."

हरिणीने कान लावला. मातीच्या आत काहीतरी खरवडत होते. बारीक, थांबून थांबून.

"आली," कासवी म्हणाली. "सकाळपासून चाललंय. वरचा थर कडक आहे, पण फोडतील. आता वणव्याचं सांग. कसा येतोय?"

"सावकाश."

"सावकाश ना?"

"अगदी सावकाश, मावशी. रेंगाळतोय म्हणा ना."

कासवीने समोरच्या धारेकडे पाहिले. सावकाश, म्हणजे आपण चालतो तसा. त्या धारेपासून इथे यायला आपल्याला काही दिवस लागले असते. मग वणव्यालाही लागतील. तोवर पिल्ले बाहेर येतील, जराशी चालू लागतील, आणि सगळी मिळून डोहावर जातील. तिने असे सगळे नीट ठरवले.

"मग मी थांबते थोडी," ती म्हणाली. "यांना घेऊनच निघते."

"थांबा की. मी खाली ओढ्याकडे सांगून येते. काही घाई नाही."

आणि हरिणी गेली. जाता जाता तिने वळून पाहिले. कासवी पुन्हा मातीला डोके टेकून बसली होती.

ऊन कलायला लागले, तोवर जंगलातले बहुतेक सगळे डोहावर आले होते. म्हातारा वानर पाण्याच्या काठी दगडावर बसला होता. त्याला दिसत नव्हते, म्हणून तो येणाऱ्याच्या पावलांचे आवाज ऐकत होता. ही डुकरीण. हे साळिंदर, काटे खुळखुळवत. हा ससा.

"सगळे आले?" त्याने विचारले.

"जवळजवळ," हरिणी म्हणाली.

"कासवी?"

"ती येतेय आजोबा. तिची पिल्लं अंड्यातून निघतायत, म्हणून थांबलीय. वणवा सावकाश येतोय, वेळ आहे."

वानराने तोंड वर केले. "कुणाच्या मानानं सावकाश?"

हरिणीला एकदम ते आडवे मूळ आठवले. चिंचेच्या बुंध्यापाशी शिवशिवलेले आपले पाय आठवले. बुंध्यापासून पुढची वाट कासवीच्या चालीने किती आहे, हे तिला माहीतच नव्हते. ती वाट ती झोपेत घालवून बसली होती.

ती वळली आणि धावली. जन्मात कधी धावली नव्हती तशी धावली. घळ ओलांडली, आणि तोंडावर आच आली. चिंचेच्या बुंध्याच्या पलीकडे सगळे पेटलेले होते. आग अजूनही तशीच होती, खालच्या अंगाने, पानापानावरून सरकणारी. हरिणीच्या डोळ्यांना ती अजूनही रेंगाळतच होती. पण ती वाट अडवून पसरली होती, आणि करवंदीची जाळी तिच्या मागे राहिली होती. हरिणी डावीकडून गेली, उजवीकडून गेली. पोटाचे केस होरपळले. "मावशी," तिने हाक मारली. पुन्हा मारली. पाने तडतडत होती, बाकी काही ऐकू आले नाही.

वणवा उतरून ओढ्याच्या वाळूत विझला. जमीन पाय ठेवण्याजोगी निवाली, ती दुसऱ्या दिवशी सकाळी. हरिणी एकटीच वर गेली.

चिंचेच्या बुंध्यापाशी ती थबकली. तिथल्या उघड्या मातीवर, राखेच्या पातळ थराखाली, एक ओरखड्यांची रेघ दिसत होती. कासवीच्या पावलांची ती रेघ हरिणीला ओळखीची होती. रेघ जाळीकडून येत होती. बुंध्यापर्यंत आली होती, आणि तिथून वळून परत जाळीकडे गेली होती. आग दिसल्यावर मदत आणायला म्हणून ती निघाली असेल. इथवर आल्यावर तिला कळले असेल, की या वेळी निघाले तरी पोहोचणे व्हायचे नाही. मग डोह आणि पिल्ले यांत तिने पिल्ले निवडली आणि माघारी गेली.

जाळी जळून तिच्या काटक्या उरल्या होत्या. तिच्यापुढच्या रेताड जमिनीवर कासवी बसलेली होती, अंड्यांच्या खड्ड्यावर बरोबर मधोमध. चारी पाय आत ओढलेले, मान आत ओढलेली. कवच काळे पडले होते. हरिणीने नाकाने हलकेच ढोसले. पुन्हा ढोसले.

आणि तिला खरवडल्याचा आवाज आला.

तिने कपाळाने ते कवच बाजूला सारले. खालची माती गरम नव्हती, नुसती कोमट होती. मातीला तडा गेला. त्यातून एक नाक आले, मग एक पाय. काही अंडी फुटलीच नाहीत. पण काही पिल्ले वर आली, बोराएवढी, डोळे किलकिले करत. त्यांच्यापुढे सगळे रान काळे होते, खायला एक हिरवे पान नव्हते, आणि वर घारी घिरट्या घालत होत्या.

"आमची आई कुठेय?" एका पिल्लाने विचारले.

हरिणीने कवचाकडे पाहिले. "ती तुमच्या आधी निघाली," ती म्हणाली. "चला. पाणी खाली आहे."

ती पिल्लांच्या वर उभी राहिली, म्हणजे तिच्या पोटाची सावली त्यांच्यावर पडे आणि घारींना ती दिसत नसत. पिल्ले एक पाऊल टाकत. हरिणी एक पाऊल टाके, आणि थांबे. आडवे मूळ आता कोळसा झाले होते, तरी त्याला वळसा घालावा लागला. पिल्ले दमली की ती थांबे. राखेने तिचे डोळे चुरचुरत होते, पाय पुन्हा शिवशिवत होते, आणि एका उडीत जाता येईल असा डोह खाली चमकत होता. चिंचेच्या बुंध्यापाशी ती जरा वेळ उभी राहिली. मग पिल्लांबरोबर पुढे निघाली. बुंध्याच्या पुढची वाट फार लांब होती. इतकी लांब असेल असे तिला कधी वाटले नव्हते. घळीत पोहोचेपर्यंत सावल्या उलट्या बाजूला पडल्या.

वानर त्याच दगडावर बसला होता. त्याने कान दिला. लहान पावले, आणि त्यांच्यामधून एक मोठे, थांबून थांबून पडणारे. पिल्ले पाण्याला तोंड लावून पिऊ लागली, तेव्हा हरिणी त्याच्या पायाशी येऊन बसली.

"आजोबा, मी खोटं नव्हते बोलले. मला तो खरंच सावकाश दिसला."

"नव्हतीसच बोलली खोटं," वानर म्हणाला. "म्हणून तर तिनं विश्वास ठेवला."

पुढच्या वर्षी पळसाला कळ्या आल्या. सभेत हरिणी म्हणाली, "राखण दुसऱ्या कुणाला द्या." नेहमी टवाळी करणारा ससाही पायाने माती उकरत बसला. शेवटी वानर म्हणाला, "ती वाट आता तुझ्याइतकी कुणाला माहीत आहे, सांग बरं?"

त्या वर्षी हरिणी खडकावर गेली, ती एकेकाबरोबर डोहापर्यंत चालून झाल्यावर. साळिंदराबरोबर, डुकराच्या पिल्लांबरोबर, आणि कासवांबरोबर, सबंध वाट. ज्यांना मागचे काही ठाऊक नव्हते अशी लहान हरणे तिला पाहून हसली. "मावशी, गुडघे धरले का?" त्यांनी विचारले. तिने पुढचे पाऊल टाकले आणि थांबली.

उन्हाळ्यात एकदा धारेवर धूर दिसला. आग पूर्वीसारखीच होती, वारा पडलेला, ज्वाळा बुटक्या. हरिणी उतारावरून आली ती थेट कासवांपाशी.

"वणवा लागलाय. तुम्ही आत्ता निघा."

"कसा येतोय, मावशी?" कासवाच्या पिल्लाने विचारले. तेच ते, आई कुठे म्हणून विचारणारे.

"तुमच्याहून भरभर," हरिणी म्हणाली.

कासवे निघाली. मग हरिणी साळिंदराकडे गेली, मग डुकरांकडे. सशाच्या बिळाशी ती सगळ्यांत शेवटी आली. "तुला वेळ आहे," ती त्याला म्हणाली. "पुढच्यांना जाऊ दे." ससा बिळाच्या तोंडाशी बसून राहिला, आणि कासवे घळीच्या पार झाल्यावरच उठला.

तात्पर्य : वेग सांगताना आपली पावले मोजू नयेत, ऐकणाऱ्याची मोजावीत; आपल्या मापाचा खरा शब्दही दुसऱ्याचा घात करू शकतो.